इन, आउट, फरक

खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला गाव विचारलं नाही, आडनाव विचारलं नाही, लग्नाचं तर नाहीच नाही. त्याआधी गारखेड्यात मी सात खोल्या पालथ्या घातल्या होत्या आणि सातही ठिकाणी याच तीन प्रश्नांनी माझं डोकं उठवलं होतं. इथं एक उंच, किडकिडीत गृहस्थ, भर दुपारी कडक इस्त्रीचा खाकी शर्ट घालून, जिन्याच्या तोंडाशी उभे होते. मी सांगितलं की मी घरूनच काम करते, मोठा कॉम्प्युटर आहे. ते म्हणाले, "किती वॅटचा?"

मी अंदाजानं पाचशे सांगितले.

"मग त्याची गर्मी कुठं सोडणार?"

मला वाटलं, माणूस फिरलेला आहे. पण ते अगदी गंभीर होते. पाचशे वॅट आत घेतले तर तेवढेच कुठंतरी बाहेर पडणार, आणि ते त्यांच्या खोलीतच पडणार, हे त्यांनी मला शांतपणे समजावून सांगितलं. मग खिडक्या उघडल्या, बोट ओलं करून हवेत धरलं, वारा कुठून येतो ते बघितलं आणि खडूनं फरशीवर एक चौकोन काढला. कॉम्प्युटर इथं. पलंग कुठंही टाका, त्याच्याशी मला देणंघेणं नाही, असं म्हणून ते खाली निघून गेले. खोली मला मिळाली आहे हे थोड्या वेळानं त्यांच्या बायकोनं, काकूंनी, वर येऊन सांगितलं.

त्या गच्चीवरच्या खोलीत मी तीन वर्षं राहिले. गल्लीत सगळे त्यांना काका म्हणायचे, मीही म्हणायला लागले. वाळूजच्या एका कंपनीत ते एकतीस वर्षं नोकरीला होते आणि तेवढी वर्षं बजाजनगरात दोन खोल्यांत काढून, रिटायर झाल्यावर त्यांनी हे घर बांधलं होतं. कंपनीत माल काढणारी मशिनं सगळ्यांना दिसतात. ती मशिनं तापू नयेत म्हणून मागच्या शेडमध्ये रात्रंदिवस पाणी फिरवत ठेवणारी माणसं कुणाला दिसत नाहीत. काका त्या शेडमधले. दर तासाला पाइपांपाशी जायचं, पाणी किती गरम होऊन आलं आणि किती निवून गेलं ते बघायचं, आणि कागदावर तीन रकाने भरायचे: इन, आउट, फरक. रिटायर होताना कंपनीनं शाल आणि घड्याळ दिलं. काकांनी साहेबांकडं त्या कोऱ्या कागदांची बंडलं मागून घेतली. घड्याळ अजून खोक्यात पडून होतं. कागद मात्र रोज लागत.

कारण घरीही रीडिंग चालूच होतं. गच्चीवरच्या टाकीचं पाणी, आंघोळीचं पाणी, फ्रिजची मागची बाजू, शेजाऱ्यांच्या मोटारसायकलचं इंजिन. आणि हे सगळं नुसत्या तळहातानं. कंपनीत मीटर होते, पण काका आधी पाइपावर हात ठेवून आकडा सांगायचे आणि मग मीटर बघायचे. म्हणे अर्ध्या अंशाच्या वर कधी चुकले नाहीत. घरात थर्मामीटर नव्हता, साधा तापाचासुद्धा नव्हता. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "यंत्र बिघडतं पोरी. हात कुठं बिघडतो?"

काकूंचा चहाही त्या हातातूनच जायचा. काकूंची जीभ नाजूक, जरा गरम लागलं की पोळायची, आणि फुंकर मारून चहा प्यायचा त्यांना मनस्वी कंटाळा. म्हणून लग्न झाल्यापासूनची पद्धत अशी की काकूंनी चहा करायचा, काकांनी काकूंचा कप डाव्या तळहातावर धरून उभं राहायचं, आणि निवला की एक शब्द न बोलता त्यांच्यापुढं करायचा. काकू तो डोळे झाकून तोंडाला लावायच्या. त्या घरात बश्याच नव्हत्या. पाहुणे आले की शेजारून आणायच्या.

त्यांच्या लग्नातली एक गोष्ट काकूंनी मला मेथी निवडता निवडता सांगितली होती. भटजींनी मुलीचा हात मुलाच्या हातात दिला. त्याआधी दोघांनी एकमेकांना नीट बघितलंसुद्धा नव्हतं. मुलानं हात धरला, जरा वेळ तसाच ठेवला आणि मान खाली घालून हळूच म्हणाला, "तुम्हाला ताप आहे." आणि खरंच होता. काकूंना सकाळपासून कसंतरी होत होतं, पण लग्नघरात सांगणार कुणाला आणि ऐकणार कोण. मुलानं सरळ भटजींना सांगितलं की जरा आटपतं घ्या, हिला बरं नाही. मांडवात नवरा मुलगा लई आगाऊ आहे अशी कुजबुज झाली. "मला तर रडूच आलं," काकू म्हणाल्या. "माझ्या आईला कळलं नव्हतं, आणि याला हात लावला तर कळलं." हे सांगताना साठीच्या काकू अशा लाजल्या की मी मेथीकडं बघत राहिले.

आता माझ्या कॉम्प्युटरचं सांगते. आर्किटेक्ट लोक नकाशा देतात आणि मी त्यांना ती इमारत बांधून झाल्यावर कशी दिसेल त्याची चित्रं करून देते. एकेक चित्र तयार व्हायला तासन् तास लागतात आणि तेवढा वेळ प्रोसेसर तापतो. म्हणून मी लिक्विड कूलर बसवून घेतला होता. प्रोसेसरच्या डोक्यावर एक छोटा पंप, त्यातून दोन रबरी नळ्या निघतात. एकीतून गरम पाणी रेडिएटरकडं जातं, तिथं पंखे त्याला निववतात, आणि दुसरीतून ते परत येतं. कूलरमधल्या पाण्याचा आणि प्रोसेसरचा आकडा स्क्रीनच्या कोपऱ्यात दिसतो.

पण आमच्याकडं कूलर म्हणजे एकच. पत्र्याचा, गवताच्या जाळ्यांचा, खिडकीत टांगलेला, आणि ज्यात रोज बादल्या ओताव्या लागतात तो. मी पहिल्या आठवड्यात काकांना कौतुकानं सांगितलं की याच्यात पाण्याचा कूलर आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी काका दारात. एका हातात बादली, दुसऱ्या हातात रबरी पाइप. नळ आलाय, म्हणाले, आता भरून घे, मग आठ दिवस पाणी नाही.

मी त्यांना आत बसवून सगळं समजावलं. पाणी आत सीलबंद असतं, भरायचं नसतं, बदलायचं नसतं. त्यांचा विश्वासच बसेना. बंद पाणी आंबत कसं नाही? उडून कसं जात नाही? बऱ्याच वेळानं त्यांना एक गोष्ट उमगली आणि ते माझ्याकडं बघतच राहिले. "म्हंजे नळ आला नाय तरी चालतं?" हो, मी म्हणाले. काका खाली जाऊन काकूंना म्हणाले की वरच्या पोरीकडं असा कूलर आहे जो महानगरपालिकेच्या भरवशावर नाही. पुढं महिनाभर ते गल्लीत ज्याला त्याला हेच सांगत होते.

आणि मग ते रोज सकाळी दहाला कागद घेऊन वर यायला लागले. मला आधी वैताग आला. कुणी असं रोज खोलीत आलेलं मला खपत नाही. पण ते ना खुर्चीवर बसायचे, ना इकडंतिकडं बघायचे. चौकोनाशी उभं राहायचं, कॅबिनेटची काचेची बाजू काढायची, एका नळीवर हात, दुसऱ्या नळीवर हात, आकडे लिहायचे आणि जायचं. पहिले दोन दिवस तर ते रुसल्यासारखे गप्प होते. कंपनीत नेहमी पाचचा फरक पडायचा, इथं जेमतेम दोनचा, म्हणजे मशीन बोगस आहे असं त्यांचं ठाम मत झालं होतं. तिसऱ्या दिवशी आपणच म्हणाले की पाणी लई पळतंय, दमानं गेलं असतं तर पाच आला असता. तेव्हापासून माझ्या मशीनला त्यांनी पास केलं.

एकदा कॅबिनेटमधून गुडगुड आवाज यायला लागला आणि आकडा दहानं वर गेला. मी घाबरून दुकानदाराला फोन लावला तर तो म्हणाला, आणून टाका. काकांनी कान लावून ऐकलं आणि हसले. आत हवा अडकली आहे म्हणाले. हवा कायम वरच्या टोकाला जाऊन बसते, आणि दुकानातल्या शहाण्यानं रेडिएटर तळाला बसवून पंप सगळ्यांच्या वर ठेवला होता. मग मी स्क्रू काढले, काकांनी बॅटरी धरली आणि अखंड सूचना केल्या. आम्ही दोघांनी रेडिएटर वरच्या बाजूला नेऊन बसवला. गुडगुड थांबली. माझ्या एका मोठ्या कामाची मुदत दुसऱ्याच दिवशी होती, त्यामुळं मी काकांच्या पाया पडायचीच बाकी होते. त्यांना मात्र आकडा उतरताना बघायचं होतं, ते बघून झाल्यावर ते जेवायला गेले.

पहिला उन्हाळा आमचा पैजांत गेला. नळीवर हात ठेवून काका म्हणायचे, "एकेचाळीस." मग मी मॉनिटर त्यांच्याकडं वळवायची. एकेचाळीस. कधी बेचाळीस. हरले की मी गुलमंडीवरून इमरती आणायची, आणि मी कायम हरायची. इमरती आणली की काकू अर्धी काढून घ्यायच्या, कारण काकांना साखर होती. काका उरलेली अर्धी हातात धरून आधी तिचा आकडा सांगायचे, मग खायचे.

पुढच्या वर्षी काही गोष्टी बदलल्या, पण त्या बदलल्या हे मला तेव्हा कळलं नाही. काका पैज लावेनासे झाले. वर आल्यावर मॉनिटर आपल्याकडं वळलेला आहे का ते आधी बघायचे, मग हात ठेवायचे. मी म्हटलं, वय झालं, हौस फिटली असेल. काकूंच्या डोळ्यांत चहाच्या पहिल्या घोटाला पाणी यायला लागलं. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, आलं जास्त झालंय. नंतर कधीही बघावं तर काकूंचं आलं जास्तच झालेलं असायचं. मी मनात म्हणायची की इतकी वर्षं स्वयंपाक करणाऱ्या बाईला आल्याचा अंदाज कसा येत नाही.

तिसऱ्या उन्हाळ्यात, मे महिन्यात, एका दुपारी माझा कॉम्प्युटर काम करता करता फटकन बंद पडला. पुन्हा चालू केला, मिनिटभरात परत बंद. मी जिन्यातूनच काकांना हाक मारली. ते जेवत होते, हात धुऊन तसेच वर आले. स्क्रीन काळी होती. त्यांनी एकदा तिच्याकडं बघितलं, मग नळी मुठीत धरली आणि म्हणाले, "अडतीस. पाणी बरोबर आहे. दुसरंच काहीतरी बिघडलंय."

मी पंपाजवळ त्याच नळीला बोट लावलं आणि झटक्यात मागं घेतलं. नळी भाजत होती. पंप मेला होता, पाणी जागच्या जागी उकळायच्या बेतात होतं. काकांची मूठ तशीच होती. मी त्यांचं मनगट धरून हात ओढून काढला. तळहातावर नळीच्या रुंदीचा लालभडक पट्टा उठला होता. ते त्याच्याकडं बघत राहिले, जणू दुसऱ्या कुणाचा हात आहे. मग दुसऱ्या हाताच्या बोटानं तो पट्टा दाबून बघितला.

 मी पाणी आणलं, हात त्यात बुडवायला लावला. मग त्यांनी सांगितलं. साखरेनं आधी पाय बधिर झाले होते, मग बोटं, मग तळहात. वर्ष होऊन गेलं होतं. वर्षभर ते कागदावर अंदाजानं आकडे भरत होते, आणि माझ्याकडचे माझ्या मॉनिटरवर बघून. एकतीस वर्षांत एक खोटं रीडिंग लिहिलं नव्हतं, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

"काकूला सांगू नको," ते म्हणाले. "शब्द दे."

मी म्हटलं, काका, त्यात लपवण्यासारखं काय आहे, आजार आहे तो. ते म्हणाले, "तिचा चहा कोण बघणार मग?"

मी शब्द दिला. हाताला काय झालं म्हणून काकूंनी विचारलं तेव्हा मी काकांच्या आधीच सांगितलं की माझ्या खोलीतल्या इस्त्रीला लागला. काकूंनी मला चार गोष्टी सुनावल्या आणि काकांच्या हाताला कोरफड लावली.

दुकानदारानं कूलर बदलून दिला. नव्या कूलरच्या पंपावर एक गोल, रुपयाएवढी स्क्रीन होती आणि तिच्यावर पाण्याचा आकडा दिसायचा. मी कॅबिनेट असं वळवून ठेवलं की चौकोनाशी उभ्या माणसाच्या समोर ती स्क्रीन यावी. केबल लावायला सोपं पडतं, म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी दहाला काका आले. नळीवर हात ठेवला, त्या गोल स्क्रीनकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "त्रेचाळीस," म्हणाले आणि लिहिलं. आम्ही दोघांनीही त्याबद्दल पुन्हा कधी काही काढलं नाही.

मग श्रावण. काकूंचा डबा परत द्यायला मी दुपारी खाली गेले. काकू दिवाणावर पडल्या होत्या. काका शेजारी खुर्चीवर, हात त्यांच्या कपाळावर. मला बघून म्हणाले की काही नाही, सदतीस, उपासाचा शीण आहे. काकूही म्हणाल्या, हो, शीणच आहे. मी डबा त्यांच्या हातात दिला आणि त्यांची बोटं माझ्या बोटांना लागली. सणसणत होती. मी काकांकडं बघितलं. ते माझ्या तोंडाकडंच बघत होते.

 हे लिहायला लाज वाटते, पण खरं तेच सांगायचं तर मी काही न बोलता वळले आणि जिना चढायला लागले. दिलेला शब्द एकीकडं, ताप एकीकडं. सहा पायऱ्या चढले असेन. मग मला माझाच राग आला. शब्द गेला खड्ड्यात, असं म्हणून मी फिरले आणि दाराशी आले.

काकांनी तळहात काढला होता. आता हाताची मागची बाजू काकूंच्या कपाळावर ठेवून बघत होते. मग दुसरा हात. मग मनगट. मग कोपराची आतली बाजू, तान्ह्या बाळाचं पाणी बघतात तशी. शेवटी खुर्चीतून उठले, वाकले आणि आपला गाल त्यांच्या कपाळाला टेकवला. मी दारात आहे हे त्यांना माहीत नव्हतं. असं ते कुणासमोर कधी करणारे नव्हते. गाल टेकवून ते तसेच राहिले, आणि मग ताठ उभे राहिले.

"अगं, तुला ताप आहे. लई ताप आहे." त्यांचा आवाज चिरकला. "माझा हात गेलाय. मला काय कळत नाय त्यानं. दीड वर्ष झालं."

काकूंनी डोळे उघडले.

"मला सांगताय?" त्या म्हणाल्या. "दीड वर्ष जीभ कुणाची पोळतीय?"

मी तिथंच उंबऱ्यावर बसले. इतक्या दिवसांचं ते आलं मला तेव्हा कळलं. काका खुर्चीवर बसले आणि त्यांनी दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले. मग म्हणाले, बोलायचं नाही का. काकू म्हणाल्या की तुम्ही कप असा धरून उभे राहता, इतक्या मनापासून बघता, मग कसं बोलू. एवढं बोलून त्यांनी काकांचा एक हात उचलून आपल्या कपाळावर ठेवला आणि डोळे मिटले. मी रिक्षा आणायला पळाले.

काकू आठवडाभर तापानं आजारी होत्या. काकांनी त्याच दिवशी औषधांच्या दुकानातून थर्मामीटर आणला, आयुष्यातला पहिला, आणि दर तासाचं रीडिंग सुरू केलं. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सहज विचारलं, फरक आहे का? काकांनी त्यांच्यापुढं कागद ठेवला. दोनचा आहे, म्हणाले, पण दुपारी चारला परत चढतो. डॉक्टरांनी तो कागद वाचला आणि औषध बदललं. नंतर मला म्हणाले की असा पेशंटचा नवरा मी बघितला नाही. मी म्हटलं, मीही नाही.

पुढं चहातही थर्मामीटर आला, लांब दांड्याचा, हलवायांकडं असतो तसला. काका डाव्या तळहातावर कप धरायचे, उजव्या हातानं दांडा बुडवायचे आणि बरोबर वेळेला कप पुढं करायचे. हात मात्र कपाखालचा काढला नाही. मी चिडवायची की काका, यंत्र बिघडतं. ते म्हणायचे, बिघडू दे, बघणारी दुसरी आहे.

त्या दिवाळीनंतर मी ती खोली सोडली. बीड बायपासकडं माझं स्वतःचं घर झालं. सामान हलवलं त्या दिवशी काकांनी नव्या घरात येऊन बोट ओलं करून वारा बघितला आणि फरशीवर खडूनं चौकोन काढून दिला. मी वाकून नमस्कार केला तेव्हा त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही. मी खालूनच म्हटलं, काका, किती? ते म्हणाले, "काय कळत नाय. पण ठेवू दे जरा वेळ."

मागच्या वर्षी पोळ्याच्या आधी काका गेले. झोपेतच गेले. सकाळी काकूंनी हात लावला आणि त्यांना कळलं.

दहावा-तेरावा झाल्यावर घर रिकामं झालं तेव्हा मी एकदा सकाळी गेले. काकू बऱ्या दिसत होत्या, केस नीट विंचरलेले, ओटा स्वच्छ. लांब दांड्याचा थर्मामीटर चमच्यांच्या भांड्यात उभा होता. त्याच्या बाजूला कागदांचं शेवटचं बंडल, वरच्या कागदावर काकांच्या अक्षरात आठ ओळी भरलेल्या, खाली कोरं. काकूंनी दोन कप चहा गाळला, एक मला दिला, आणि दुसरा तसाच, वाफा निघत असताना तोंडाला लावला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, काकू, निवू द्या ना, आणि त्या थर्मामीटरकडं हात केला.

"राहू दे," काकू म्हणाल्या. "तेवढं मलाही जमतं. पण पोळला की वाटतं, त्यांनीच दिलाय."

मी माझा कप उचलला आणि मीही तसाच, कढत, एक घोट घेतला. जीभ पोळली, घसा पोळला, डोळ्यांना धार लागली. काकूंनी पदर पुढं केला आणि विचारलं, काय झालं गं?

"काही नाही," मी म्हणाले. "आलं जास्त झालंय."